दाराच्या तळाला रंग कोण लावणार?

घर बांधणारा किंवा दुकान थाटणारा माणूस दर्शनी दरवाजावर खर्च करताना हात आखडता घेत नाही. लाकूड सागवानी पाहिजे, त्यावर नक्षी पाहिजे, पितळी कडी-कोयंडा पाहिजे आणि वर चकाकणारे पॉलिश पाहिजे. दरवाजा बसला की येणारा-जाणारा तारीफ करतो. पण चार-पाच पावसाळे गेले की त्याच दरवाजाच्या तक्रारी सुरू होतात. तो खालून काळा पडला, फुगून अडकू लागला, कुलूप लागत नाही, तळाशी दाभण टोचले तर सरळ आत जाते. मग मालक सुताराला दोष देतो, सुतार लाकडाच्या वखारीला, वखारवाला रंगाऱ्याला आणि रंगारी पावसाला. शेवटी सर्वजण मिळून एकच फैसला करतात की लाकडाचे दिवस आता गेले, फायबरचा नाहीतर लोखंडी दरवाजा बसवून टाका.

हा फैसला घाईचा आहे. पावसाच्या मुलखात लाकडी दरवाजे पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले आहेत आणि आजही टिकू शकतात. दरवाजा कुजतो त्यामागे बहुतेक वेळा एक अगदी लहान गोष्ट असते. दरवाजाला सहा बाजू असतात आणि आपण त्यांपैकी चारच रंगवितो. पुढची, पाठीमागची आणि दोन उभ्या कडा. वरची आणि खालची कड कोरीच राहते, आणि पाणी तेथूनच शिरते.

माझा धंदा कापडाचा आहे, सुतारकामाचा नाही. परंतु कापडवाल्याला ओलाव्याचा हिशेब ठेवावाच लागतो. पावसाळ्यात दुकानाचा किंवा गोदामाचा दरवाजा नीट बसत नसेल तर झडीचे पाणी आत येते, खालच्या थप्पीतील तागे ओलसर होतात आणि त्यांवर बुरशीचे काळे ठिपके उठले की तो माल पडेल भावाने काढावा लागतो. किराणा, पुस्तके, चामडे, औषधे यांच्या व्यापाऱ्यांचीही हीच कथा आहे. म्हणून दरवाजाचा विषय हा फक्त घराच्या शोभेचा नाही. व्यापाऱ्याच्या मालाचा आणि कारागिराच्या रोजीचा सवाल त्यात आहे.

पाणी शिरते कोठून?

लाकूड म्हणजे उभ्या धाग्यांचा ताणा आहे असे समजावे. झाड जिवंत असताना त्याच्या अंगातील बारीक नळ्यांतून मुळाचे पाणी शेंड्यापर्यंत चढते. झाड तोडले, चिरले, त्यावर रंधा फिरवला तरी त्या नळ्या लाकडात राहतातच. फळीच्या अंगावर पाणी पडले तर ते या नळ्यांच्या भिंतींवर पडते. ते शोषले जाते, पण सावकाश. मात्र फळीच्या कापलेल्या टोकाला पाणी लागले तर नळ्यांची तोंडेच तेथे उघडी असतात. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे पाणी तेथून वर चढते, आणि अंगावरून शोषले जाण्याच्या कितीतरी पट वेगाने चढते.

कापडाच्या धंद्यातील माणसाला हे लवकर समजेल. ताग्याची विणलेली किनार उसवत नाही. कात्रीने कापलेली कड उसवते, म्हणून ती दुमडून शिवावी लागते. लाकडाचे कापलेले टोक ही तशीच कड आहे. ती दुमडता येत नाही, म्हणून रंगाने बंद करावी लागते.

आता कुजण्याचे कारण पाहू. लाकूड पाण्याने कुजत नाही, बुरशीने कुजते, आणि त्या बुरशीला ओलावा लागतो. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या मानाने त्यातील पाणी २० टक्क्यांच्या खाली राहिले तर लाकूड कुजविणारी बुरशी सहसा वाढत नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेने लाकूड या मर्यादेच्या जवळ जाते. पण ते मर्यादा ओलांडते ते बहुधा प्रत्यक्ष पाणी लागल्याने. म्हणजे हवा आपल्या हातात नसली तरी तळाला लागणारे पाणी आपल्या हातात आहे.

कोकणात वर्षाला सुमारे अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे त्या बाजूला तोंड असलेल्या दरवाजांवर झडीचा मारा सर्वांत जास्त असतो. जुन्या कोकणी घरांना पुढे पडवी असे, छप्पर बरेच खाली उतरलेले असे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बाजूंनी बांधले जात. पाऊस दरवाजापर्यंत पोहोचतच नसे. आजच्या सिमेंटच्या घरात पडवी गेली, छज्जा हातभर उरला आणि दरवाजा पावसात उघडा पडला. जुने लाकूड चांगले होते हे खरे, पण जुन्या दरवाजाच्या डोक्यावर छप्परही होते हे आपण विसरतो.

एक चौरस फुटाचा हिशेब

सात फूट उंच, साडेतीन फूट रुंद आणि दीड इंच जाड असा दरवाजा घ्या. त्याच्या दोन्ही अंगांचे मिळून क्षेत्रफळ ४९ चौरस फूट होते. वरची आणि खालची कड मिळून एक चौरस फूटही भरत नाही. रंगकामाचा भाव चौरस फुटावर ठरतो. ४९ फुटांचे पैसे मिळतात, त्या एका फुटाचे कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही.

त्यात कामाचा क्रम असा असतो की सुतार दरवाजा तयार करून आणतो, फरशीच्या पातळीप्रमाणे तळ कापतो, बिजागऱ्या मारतो आणि निघून जातो. आठ-पंधरा दिवसांनी रंगारी येतो. दरवाजा तेव्हा उभा लटकलेला असतो. तळ आणि फरशी यांच्यामध्ये जेमतेम बोट जाईल इतकी जागा असते, तेथे ब्रश जात नाही. सुतार म्हणतो रंग माझे काम नाही, रंगारी म्हणतो दरवाजा काढणे माझे काम नाही. यात कोणी बेईमानी केली असे मुळीच नाही. ते काम कोणाच्याच वाट्याला आलेले नसते, म्हणून ते राहून जाते.

दरवाजाच्या प्रकाराप्रमाणे धोका कोठे आहे ते पाहावे. उभ्या फळ्यांचा दरवाजा असेल तर त्याचा सगळा तळ म्हणजे कापलेली टोकेच असतात. चौकोनी पाटे बसविलेला दरवाजा असेल तर दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्यांची टोके वर दोन आणि खाली दोन, अशी चार ठिकाणी उघडी असतात. एकेक टोक चार इंच रुंद आणि दीड इंच जाड, म्हणजे तळहाताहून लहान. पण नेमके खालच्या टोकापाशीच तळाची आडवी पट्टी उभ्या पट्टीला सांधलेली असते. तेथे ओल मुरली की सांधा सैल होतो, दरवाजा खाली झुकतो आणि फरशीला घासू लागतो. प्लायवूडच्या सपाट दरवाजात तळ कापला की आतील पट्ट्या आणि थरांच्या कडा उघड्या पडतात, आणि डिंक साधा असेल तर थर सुटू लागतात.

आपल्या दरवाजाचा तळ रंगविलेला आहे की नाही हे पाहण्यास दरवाजा काढावा लागत नाही. दाढीचा लहान आरसा घ्या, दरवाजा अर्धा उघडून तो फरशीवर दरवाजाखाली ठेवा आणि बॅटरीचा उजेड टाका. कोरे लाकूड दिसले तर समजावे की वरच्या ४९ फुटांवर केलेला खर्च अर्धा फुकट जात आहे.

उपाय कठीण नाही. नवा दरवाजा असेल तर बिजागऱ्या मारण्याआधी, तळ अखेरचा कापून झाल्यावर, सुताराच्या बाकावरच वरची आणि खालची कड रंगवून घ्यावी. पहिला हात टर्पेंटाइनने थोडा पातळ केलेल्या प्रायमरचा द्यावा, म्हणजे तो नळ्यांत आत शिरतो. तो पूर्ण सुकल्यावर आणखी दोन हात घट्ट द्यावेत. अंगाला दोन हात पुरत असतील तर टोकांना तीन हवेत. कुलपासाठी पाडलेली खाच, बिजागरीची खाच आणि दुर्बिणीचे भोक ही सुद्धा कोरी लाकडे आहेत. त्यांना ब्रशचे टोक लावण्यास विसरू नये.

जुना दरवाजा असेल तर कोरड्या दिवसांत बिजागऱ्यांच्या खिळी काढून तो उतरवावा. दोन माणसांचे एका सकाळचे काम आहे. उतरविणे शक्यच नसेल तर जुन्या गालिच्याची लांब पट्टी रंगात भिजवून दरवाजाखालून दोन्ही हातांनी पुढे-मागे ओढावी. काम सफाईदार दिसणार नाही, पण ते कोणाला दिसणारही नाही, आणि पाणी थांबेल.

रंधा मारण्याची घाई

जुलै महिन्यात दरवाजा अडकू लागला की लोक सुताराला बोलावतात आणि कड रंधून घेतात. दरवाजा त्या दिवशी मोकळा होतो. मात्र पुढचे लक्षात घ्या. रंध्याने रंगाचा थर निघून गेला आणि कोरे लाकूड उघडे पडले. ते भर पावसात आणखी पाणी पिते आणि ऑगस्टमध्ये दरवाजा पुन्हा अडकतो. पुन्हा रंधा. हिवाळ्यात लाकूड सुकून आटले की मग बोटभर फट पडते, तिच्यातून वारा आणि पुढच्या वर्षी पाऊस आत येतो.

लाकूड उंचीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. म्हणून दरवाजा बहुधा कुलपाच्या बाजूला अडकतो. सागवान इतर पुष्कळ लाकडांपेक्षा कमी हलते. तरीही साडेतीन फुटांची सगळी रुंदी फळ्यांची असेल तर उन्हाळ्यापासून भर पावसाळ्यापर्यंत दोन-तीन सूत फरक पडू शकतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग हे सुतार बांधव जाणतात. पाट्यांच्या दरवाजात पाटे खाचेत मोकळे बसविलेले असतात आणि ते आतल्या आत फुगतात, म्हणून असा दरवाजा कमी अडकतो. पण रंगाऱ्याने ती खाच लांबीने गच्च भरून टाकली तर ही सोय नाहीशी होते आणि पाटा तडकतो.

यावरून दोन नियम लक्षात ठेवावेत. दरवाजा एप्रिल-मे महिन्यात बसवीत असाल तर फुगण्यासाठी जागा जास्त सोडावी. पावसाळ्यात बसवीत असाल तर कमी सोडली तरी चालते, कारण लाकूड तेव्हा आधीच फुगलेले असते. दुसरे असे की पावसाळ्यात अडकलेला दरवाजा शक्यतो पाऊस संपेपर्यंत रंधू नये. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू सैल झालेत का ते पाहावे, कारण कित्येकदा दरवाजा फुगलेला नसतो, झुकलेला असतो. रंधणे भागच असेल तर कडेला खडू लावून दरवाजा बंद करावा, चौकटीवर जेथे खडू उमटेल तेवढाच भाग रंधावा, आणि ती कड पुसून, सुकवून, त्याच दिवशी रंगाने बंद करावी. रंग लावण्याची तयारी असल्याशिवाय रंधा बाहेर काढू नये.

गोणपाट, पत्रा आणि सनमायका

पाणी आत येऊ नये म्हणून दुकानदार रात्री दाराखाली गोणपाट किंवा जुने कापड कोंबून जातात. फरशीवरचे पाणी त्याने थोडे अडते, पण ओले गोणपाट रात्रभर दाराच्या तळाला चिकटून असते आणि वातीचे काम करते. दरवाजाला पाणी पाजण्याची याहून चांगली युक्ती सापडणार नाही. ओल्या पायपुसण्याचेही तेच. पायपुसणे दारापासून वीतभर दूर असावे. पाणी खरोखर येत असेल तर उंबरठा उंच करावा, त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा आणि दरवाजाच्या तळाला रबराची पट्टी असलेली ॲल्युमिनियमची पट्टी लावावी. दरवाजाच्या बाहेरील अंगाला तळाशी एक पुढे आलेली उतरती लाकडी पट्टी मारून तिच्या पोटात बारीक खाच पाडली तर अंगावरून ओघळणारे पाणी खाचेपाशी थेंब होऊन बाहेर गळते, तळाकडे वळत नाही. छज्जाच्या खालच्या बाजूला गवंड्याकडून अशीच खाच ठेवून घ्यावी.

दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे तळाला मारलेला पत्रा. दरवाजा खालून काळा पडू लागला की त्यावर फूटभर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकतात. पत्र्यामागे पाणी जातेच, आणि गेलेले पाणी सुकत नाही. वरून पत्रा चकचकीत, आतून लाकूड भुसा. पत्रा लावायचाच असेल तर आधी लाकूड पूर्ण सुकवून रंगवावे आणि पत्र्याची वरची कड सिलिकॉनने बंद करावी.

सनमायका एकाच अंगाला चिकटविली तर दरवाजा वाकतो, कारण झाकलेली बाजू ओलावा घेत नाही आणि उघडी बाजू घेते. दोन्ही अंगांना सारखेच आवरण असले पाहिजे. रंगाचेही तेच. बाहेरून तीन हात आणि आतून एक हात ही काटकसर महाग पडते.

चौकटीचे पाय

झडप बदलता येते. चौकट बदलायची तर भिंत फोडावी लागते. म्हणून चौकटीची काळजी आधी. चौकटीचे दोन्ही पाय म्हणजे पुन्हा लाकडाची कापलेली टोकेच. ते फरशीत किंवा सिमेंटमध्ये गाडले, आणि रोज उंबरठा धुतला, की पाय बारा महिने पाण्यात उभे राहतात. चौकट बसविण्यापूर्वी तिचे पाय आणि भिंतीकडे जाणारी पाठ यांवर डांबराचे किंवा बिटुमेनच्या रंगाचे दोन हात द्यावेत. पायाखाली दगडाचा तुकडा देऊन लाकूड फरशीच्या वर राहील असे पाहावे. दगडी उंबरठा असलेल्या जुन्या घरांत चौकटी टिकल्या त्याचे हे एक कारण आहे.

समुद्राजवळ लोखंडी बिजागऱ्या आणि स्क्रू लवकर गंजतात, आणि पुष्कळ लाकडांत लोखंडाभोवती काळे डागही पडतात. तेथे पितळ किंवा स्टेनलेस स्टील वापरणे शेवटी स्वस्त पडते.

कोणते लाकूड, कोणता रंग?

सागवान टिकाऊ आहे ते त्याच्या गाभ्यामुळे. गाभ्याच्या लाकडात नैसर्गिक तेल आणि वाळवीला नकोशी असणारी द्रव्ये असतात. कडेचा पांढरट भाग मात्र सागवानाचा असला तरी लवकर कुजतो. लागवडीचे झाड लहान वयात तोडले की त्यात पांढऱ्या भागाचे प्रमाण जास्त निघते. बल्लारपूर-आलापल्लीचे नाव सांगितले काय किंवा परदेशातून आलेले सांगितले काय, फळी उलटीपालटी करून पांढरी कड किती आहे हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. फणस, आईन ही लाकडे कोकणात चालतात. त्यांना सुकण्यास पुरेसा अवधी दिला पाहिजे. दोन टोचण्या असलेले ओलावा मोजण्याचे लहान यंत्र आता बाजारात सहज मिळते. किनाऱ्याकडच्या कामाला लाकूड १२ ते १६ टक्क्यांच्या दरम्यान असावे. प्लायवूडचा सपाट दरवाजा घेताना त्यावर आय.एस. २२०२ ही खूण आणि उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या डिंकाचा उल्लेख आहे का ते पाहून घ्यावे.

पॉलिशच्या बाबतीत फार गैरसमज आहे. लाखेचे, म्हणजे चपडा आणि स्पिरिटचे फ्रेंच पॉलिश दिसायला सुंदर असते, पण पाणी लागले की पांढरे पडते. ते घराच्या आतील सामानासाठी आहे. मेलामाइनही आतलेच. बाहेरच्या दरवाजाला साधे पारदर्शक वॉर्निश दिले तर ऊन त्यातून आरपार जाते, खालचे लाकूड जाळते आणि वर्ष-दोन वर्षांत वॉर्निशचे पापुद्रे सुटतात. उन्हाला अडवितो तो रंगातील रंगद्रव्याचा कण. म्हणून ज्या दरवाजावर ऊन-पाऊस थेट येतो त्याला प्रायमर आणि ऑईलपेंट हाच सर्वांत भरवशाचा इलाज आहे. लाकडाच्या रेषा दिसायलाच हव्या असतील तर खास बाहेरच्या कामाचे, उन्हाला टिकणारे पॉलिश घ्यावे आणि ते दर एक-दोन वर्षांनी पुन्हा द्यावे लागेल हे धरून चालावे.

जवसाचे उकळलेले तेल, म्हणजे बेलतेल, हा जुना इलाज आहे. त्याने लाकूड तजेलदार राहते. पण एकटे तेल पावसाच्या माऱ्यापुढे फार टिकत नाही आणि दमट हवेत त्यावर बुरशी धरते. त्यातील एक धोका कापडवाल्यांनी तर जरूर जाणावा. हे तेल सुकताना उष्णता निर्माण करते. तेलाने भिजलेल्या चिंध्या एकत्र बोळा करून टाकल्या तर काही तासांत त्या आपोआप पेट घेऊ शकतात. कापडाच्या दुकानात असा बोळा कोपऱ्यात पडून राहिला तर काय होईल हे सांगायला नको. चिंध्या उघड्यावर पसरून सुकवाव्यात किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात.

जुना रंग खरवडतानाही खबरदारी घ्यावी. पूर्वीच्या रंगांत आणि प्रायमरमध्ये शिसे सर्रास असे. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम लागू झाला आहे. त्यापूर्वीचा रंग असेल तर तो कोरडा घासू नये. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासावे, तोंडाला फडके नव्हे, चांगला मुखवटा बांधावा आणि मुलांना दूर ठेवावे.

लाकडाला औषध पाजण्याची विद्या आपल्या देशाला नवीन नाही. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण तयार केले आणि ते पुढे जगभर विजेच्या खांबांसाठी वापरले गेले. आर्सेनिक विषारी असल्यामुळे घराच्या दरवाजासाठी ते वापरू नये, आणि तशा लाकडाचे तुकडे जाळूही नयेत. घरासाठी टाकणखार आणि बोरिक ॲसिडचे द्रावण बरे. ते बुरशी व किडा दोन्हींना रोखते, परंतु पावसाने धुऊन जाते. म्हणून ते दिल्यावर, लाकूड सुकवून, वरून रंग द्यावाच लागतो.

बंद घरे आणि पुराचे पाणी

कोकणातील आपले अनेक बांधव मुंबईला, आखातात किंवा आफ्रिकेत असतात आणि गावाकडची घरे वर्षातील दहा-अकरा महिने बंद असतात. जाताना दरवाजावर प्लॅस्टिकचा कागद खिळ्यांनी गच्च ठोकून जाण्याची पद्धत आहे. कागदामागे दमट हवा कोंडते, खिळ्यांच्या भोकांतून पाणी जाते आणि सुकण्याचा मार्ग बंद होतो. ताडपत्री लावायची तर छज्जापासून तिरकी ताणावी, म्हणजे ती दरवाजापासून दूर राहील आणि खालून-बाजूंनी वारा खेळेल. चावी एखाद्या भरवशाच्या शेजाऱ्याकडे द्यावी आणि उघाडीच्या दिवशी तासभर दरवाजा उघडून ठेवण्यास सांगावे.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत पुराचे पाणी शिरले तेव्हा मालाबरोबर दरवाजेही बुडाले. अशा वेळी चिखल सुकण्याआधी स्वच्छ पाण्याने धुवावा, दरवाजा उतरवून सावलीत दोन लाकडी ठोकळ्यांवर उभा करावा आणि दोन्ही अंगांना वारा लागू द्यावा. उन्हात टाकून घाई केली तर लाकूड तडकते. सुकण्यास काही आठवडे लागतात. ओल्या लाकडावर रंग दिला तर फुगे येतात आणि ओल आत कोंडली जाते. भरीव लाकडाचा दरवाजा यातून बहुधा वाचतो. साध्या डिंकाच्या प्लायवूडचे थर सुटले तर मात्र तो दुरुस्त करण्यात पैसे घालू नयेत.

तळ थोडाच कुजला असेल तर नुसती लांबी भरून रंग मारणे म्हणजे रोग झाकणे आहे. दाभणाने टोचून जेथे लाकूड टणक लागते तेथपर्यंत कुजका भाग कापून काढावा, तिरका जोड देऊन नवे गाभ्याचे लाकूड बसवावे आणि नव्या तुकड्याचे टोकही आधी रंगवावे.

व्यवहारात काय बदलावे?

या सगळ्याचे सार एका ओळीच्या करारात आहे. सुताराशी भाव ठरविताना मालकाने कागदावर लिहून घ्यावे की दरवाजाच्या वरच्या-खालच्या कडा आणि सर्व खाचा प्रायमरने बंद करूनच दरवाजा बसविला जाईल. त्याबद्दल सुताराने वाजवी मजुरी लावावी आणि मालकाने ती कुरकुर न करता द्यावी. ते काम फुकटात मागितले तर ते पुन्हा कोणाचेच राहणार नाही. रंगाऱ्याशी ठरविताना फरशीला लागून असलेले तोंड सोडून बाकी पाच बाजूंचा नव्हे, सहाही बाजूंचा भाव ठरवावा. पैसे चुकते करण्यापूर्वी आरसा ठेवून पाहावे. यात अविश्वासाची भावना नाही. आपण कापड घेताना मीटरने मोजून घेतो, त्यात कोणी वाईट मानत नाही.

सुतार बांधवांना येथे खास सांगावेसे वाटते. आज फायबर, पी.व्ही.सी. आणि लोखंडाचे दरवाजे विकणारे ‘याला पाणी लागत नाही’ या एकाच वाक्यावर गिऱ्हाईक नेतात. त्याला जाहिरातीने उत्तर देता येणार नाही. ‘माझ्या दरवाजाच्या सहाही बाजू बंद आहेत, पाच पावसाळ्यांनंतर आरसा ठेवून पाहा’ असे जो सुतार गिऱ्हाइकाला सांगू शकेल, त्याच्याकडे पुढच्या पिढीचे कामही येईल. ब्रशभर रंग आणि पाव तासाची मेहनत, एवढ्याच भांडवलाची ही गोष्ट आहे.

घरमालकांनी आणि दुकानदारांनी वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात आणि एकदा पाऊस संपल्यावर, दरवाजाच्या तळाशी बसून पाच मिनिटे द्यावीत. दाभण टोचून पाहावे, बिजागऱ्यांचे स्क्रू आवळावेत, रंगाला तडे गेले असतील तेथे लगेच हात फिरवावा. मे महिन्यात लाकूड सर्वांत कोरडे असते, रंग धरण्यास तोच काळ उत्तम. एकदा मृगाचा पाऊस सुरू झाला की मग रंगाचा डबा उघडून उपयोग नाही. तेव्हा फक्त दाराखालचे गोणपाट तेवढे काढून टाकावे.